सूप, चाळणी आणि टपाल

पत्र ही वस्तू ख्रिस्ती माणसाला परकी नाही. नव्या करारातील सत्तावीस ग्रंथांपैकी एकवीस ग्रंथ म्हणजे पत्रेच होत. करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका येथील लहान लहान ख्रिस्ती समूहांना धाडलेली ती पत्रे दोन हजार वर्षांनंतर आपण रविवारच्या मिस्सात आजही ऐकतो. पत्र आले की ते आदराने उघडावे, सावकाश वाचावे आणि त्याला उत्तर द्यावे, हा संस्कार आमच्यावर सेमिनरीतच झाला. परंतु पोस्टमनच्या पिशवीतून येणारे पत्र संगणकाच्या पडद्यावर येऊ लागले आणि ह्या संस्काराची खरी कसोटी सुरू झाली. दिवसाला तीन पत्रे येत होती तोवर प्रत्येकाचा आदर करणे सोपे होते. सकाळी संगणक उघडताच चाळीस पत्रे रांगेत उभी दिसली, की आदर तर राहोच, नुसती नजर फिरवता फिरवताच माणूस थकून जातो.

वरूडसारख्या तालुक्याच्या गावी धर्मगुरूला अशी कोणती पत्रे येत असतील, असे वाचकांस वाटेल. ती विविध असतात. धर्मप्रांत कार्यालयाची परिपत्रके येतात. शाळाखात्याचे तक्ते येतात, बँकेची निवेदने येतात, वीजबिल येते. पुण्यामुंबईस किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींची विनंती येते, की विवाह ठरला आहे, स्नानसंस्काराचा नवा दाखला हवा. दूरच्या धर्मग्रामातून कळविले जाते, की तुमच्या नोंदवहीतील अमुक व्यक्तीचा विवाह येथे झाला, तशी नोंद करावी. कोणी आईच्या वर्षश्राद्धदिनी मिस्सा अर्पण करण्याविषयी लिहितो. ह्या सर्वांच्या मधोमध लॉटरी लागल्याची बतावणी करणारे, औषधे विकणारे आणि खात्याचा गुप्त क्रमांक मागणारे ठगही बसलेले असतात. पडद्यावर सर्वांचा पेहराव सारखाच असतो. महागुरुस्वामींचे पत्र आणि ठगाचे पत्र एकाच आकाराच्या ओळीत एकाखाली एक दिसते.

तेव्हा निवड करणे आले. पण निवडीचे काम यंत्रावर सोपवावे काय, आणि सोपवलेच तर किती, हा प्रश्न आम्हांस केवळ सोयीचा वाटत नाही. कोणाचे म्हणणे आधी ऐकावे, कोणाचे नंतर आणि कोणाचे ऐकूच नये, हे ठरविणे हा धर्मगुरूच्या सेवेचा गाभा आहे. प्रत्येक गृहिणीच्या आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या कर्तव्याचाही तो भाग आहे.

ह्या बाबतीत निर्गमाच्या ग्रंथातील इथ्रो आम्हांस फार शहाणा वाटतो. जावई मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून साऱ्या लोकांचे तंटे ऐकतो आहे, हे पाहून इथ्रोने त्याला सांगितले की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. नेहमीच्या गोष्टी ती पाहतील आणि अवघड तेवढे तुझ्याकडे येईल. लोकांना मोशेपासून दूर ठेवण्याचा सल्ला हा नव्हता. ज्याचे गाऱ्हाणे खरोखर बिकट आहे त्याला मोशे ताजातवाना भेटावा, एवढ्यासाठी ही व्यवस्था होती. प्रेषितांच्या कृत्यांतही प्रेषितांच्या सांगण्यावरून शिष्यसमुदायाने सात जणांस निवडले, ते विधवांच्या अन्नवाटपात कोणाची उपेक्षा होऊ नये म्हणून. थोडक्यात, व्यवस्था ही उपेक्षा टाळण्यासाठी असते. हा हेतू सुटला की तीच व्यवस्था उपेक्षेचे साधन बनते.

पत्रांची व्यवस्था लावण्यात येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा हात धरणारे थोडेच असतील. त्यांची सुमारे सात हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. १५४२ च्या डिसेंबरात त्यांनी संत पीटर फेबर यांना लिहिताना एक शिस्त घालून दिली. कोणालाही दाखवता येईल असा मजकूर मुख्य पत्रात नीट विचारपूर्वक लिहावा आणि इतर किरकोळ किंवा खाजगी बाबी वेगळ्या कागदावर जोडाव्यात, अशी ती शिस्त. पुढे १५४७ पासून हुआन दे पोलांको हे चिटणीस त्यांना लाभले आणि रोममधील त्या लहानशा कचेरीतून जगभरचा पत्रव्यवहार चालू लागला. एका पत्रात एकच विषय ठेवावा आणि तो विषयाच्या रकान्यात स्पष्ट लिहावा, असे आज ई-मेलबद्दल सांगितले जाते. ते त्या जुन्या शिस्तीहून फारसे वेगळे नाही.

त्याच काळात संत फ्रान्सिस झेवियर आपल्या ह्या किनाऱ्यावर होते. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. लिस्बन आणि गोवा यांच्यामधील टपाल जहाजांच्या वार्षिक ताफ्याबरोबर येई. अंबोइना बेटावरून १५४६ मध्ये त्यांनी आपल्या बंधूंना कळविले की तुमच्या पत्रांतील तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सदैव जवळ बाळगतो. इग्नेशियसांनी २८ जून १५५३ रोजी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले, तेव्हा झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच प्रभुचरणी विलीन झाले होते. त्या काळी पत्राची वाट पाहण्यात आयुष्य सरे. आज पत्र क्षणात पोचते, आणि तरीही वाचले गेले नाही तर ते सांचियनला निघालेल्या पत्रासारखेच उशिरा पोचते.

निवडीचे शास्त्र आपल्या महाराष्ट्रालाही नवे नाही. आपल्या पत्त्याखाली आपण जे सहा आकडे लिहितो ती पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. देशात एकाच नावाची अनेक गावे, पत्ते नाना भाषांत आणि नाना लिप्यांत, अक्षर अनेकदा दुर्बोध. अशा स्थितीत पत्र वेगळे करणाऱ्याने कोठे टाकावे? वरूड नावाची गावेही महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. परंतु ४४४९०६ म्हटले की पहिला ४ आपल्याला पश्चिम विभागात आणतो, पहिले तीन आकडे वऱ्हाडातील वर्गवारीच्या जिल्ह्यात आणतात आणि शेवटचे तीन थेट वरूडच्या टपालकचेरीच्या दाराशी उभे करतात. पत्र न फोडता, त्यातले एक अक्षर न वाचता, केवळ वरच्या खुणेवरून त्याची वाट ठरते.

संगणकातील टपालाच्या प्रोग्रामात जी चाळणी असते, तीही मुख्यतः असेच करते. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश धाडला आणि पत्त्यात नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते गोल चिन्ह बसविले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. आम्ही स्वतः मोझिला थंडरबर्ड हा प्रोग्राम वापरतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली आणि तो विनामूल्य मिळतो. आउटलुकमध्येही अशीच सोय आहे. तेथे तिला 'रूल्स' म्हणजे नियम म्हणतात.

नियमाचे दोन भाग असतात. एक अट आणि एक कृती. पत्र अमुक पत्त्यावरून आले असेल, किंवा विषयात अमुक शब्द असेल, तर ते अमुक कप्प्यात ठेव, त्यावर रंगीत खूण कर, किंवा दुसऱ्या कोणास पुढे धाड. अटी एकाहून अधिक असल्या तर 'साऱ्या जुळल्या पाहिजेत' की 'एखादी जुळली तरी पुरे', हेही सांगावे लागते. नियम यादीत वरून खाली क्रमाने लागू होतात, म्हणून कोणता आधी लिहिला याला महत्त्व आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे नियम आपल्या संगणकावर राहतात आणि प्रोग्राम चालू असेल तेव्हाच काम करतात. वीज गेली, संगणक बंद राहिला, तर चाळणीही खुंटीला टांगलेली राहते. संगणक बंद असतानाही निवड व्हावी असे वाटत असेल तर नियम टपाल सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकावर लिहावे लागतात. तेथे अनेक ठिकाणी ज्या भाषेत ते लिहितात तिचे नावच 'सीव्ह', म्हणजे चाळणी, असे आहे.

आमचे नियम मोजके आहेत. धर्मप्रांताच्या पत्त्यावरून आलेले प्रत्येक पत्र वर्षाच्या कप्प्यात जाते आणि त्यावर न वाचल्याची खूण कायम राहते. ही केवळ टापटीप नव्हे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात दप्तरखाना असावा आणि त्यात नोंदवह्यांबरोबर महागुरुस्वामींची पत्रेही जतन व्हावीत, असा दंडक आहे. पत्र कागदावर आले नाही म्हणून हे कर्तव्य सुटत नाही. महत्त्वाचे पत्र आम्ही छापून फाईलला लावतो आणि वर्षाअखेरीस सारा कप्पा वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवतो. दाखल्यांच्या विनंत्या दुसऱ्या कप्प्यात जातात. बँक, वीज, शाळा यांचे तिसऱ्यात. मिस्सा अर्पणाच्या विनंत्यांवर तांबडी खूण होते, कारण त्यांना तारीख असते आणि मेलेल्या माणसाचा वर्षदिन पुढे ढकलता येत नाही.

येथे मराठी माणसाची एक विशेष अडचण आहे. चाळणी अर्थ जाणत नाही, ती अक्षरे जुळवते. आमच्याच गावाचे नाव कोणी 'वरूड' लिहितो, कोणी 'वरुड'. माणसाला दोन्ही एकच; चाळणीला ती दोन गावे. 'दाखला' हा शब्द कोणी देवनागरीत लिहितो, कोणी तोच रोमन अक्षरांत, तर कोणी 'सर्टिफिकेट' म्हणतो. आजीची मिस्सा मागणारा नातू 'मिस्सा' लिहील, 'मिसा' लिहील किंवा 'मास' लिहील. म्हणून प्रत्येक नियमात ही सारी रूपे एकाखाली एक भरावी लागतात आणि 'एखादी जुळली तरी पुरे' अशी आज्ञा द्यावी लागते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी निरनिराळ्या फॉन्टांत लिहिलेली जुनी पत्रे तर चाळणीला निव्वळ अक्षरांचा गोंधळ वाटतात. भाषेची ही विविधता आम्हांस दोष वाटत नाही. आजी जशी बोलते तसे नातवाने लिहावे, आणि यंत्राने ते समजून घेण्यासाठी आम्ही दोन ओळी जास्त लिहाव्यात, हेच उचित.

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात राहणाऱ्यास निवडीचे काम काही नवे सांगायला नको. आंबिया बहार असो वा मृग, संत्री तोडून आली की ग्रेडिंगच्या यंत्रावर चढतात. फिरत्या रुळांवरून जाताना लहान फळ आधी खाली पडते, मोठे पुढे जाते; चुरी एकीकडे, मोठा माल दुसरीकडे. यंत्र माणसाच्या हातापेक्षा शतपट वेगाने काम करते. पण ते मोजते तो केवळ आकार. गोडी कोणत्या फळात आहे आणि कोणते आतून नासू लागले आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून यंत्राशेजारी बाया बसतात. त्यांची नजर आणि बोटे फळावरून फिरतात आणि मगच पेटी भरली जाते. टपालाच्या चाळणीशेजारीही अशी एक बाई बसलेली असली पाहिजे. ती बाई म्हणजे आपण स्वतः.

बिनकामाच्या टपालासाठी आणखी एक निराळी चाळणी असते. तिचे मूळ एका धर्मोपदेशकाच्या गणितात आहे, हे कळल्यावर आम्हांस मोठे कौतुक वाटले. टॉमस बेझ हे इंग्लंडातील टनब्रिज वेल्स येथील प्रेस्बिटेरियन उपदेशक. ते १७६१ मध्ये वारले. त्यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आणला. नवा पुरावा मिळेल तसतसा आपला अंदाज सुधारत न्यावा, हे त्याचे सार. पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ मध्ये हेच तत्त्व नको असलेल्या टपालाला कसे लावावे ते लिहून दाखविले आणि ते पुष्कळ ठिकाणी रूढ झाले. हे पत्र वाईट, हे चांगले, असे आपण दाखवीत गेलो की प्रोग्राम दोहोंतील शब्द मोजत राहतो आणि पुढच्या पत्राबद्दल तर्क करतो. केवळ वाईट दाखवून भागत नाही. चांगलेही दाखवावे लागते. नुसत्या पापांची यादी शिकविलेला विवेक जसा आंधळा राहतो, तसेच हे आहे.

आणि तर्क म्हटला की चूक आली. म्हणून असे टपाल आल्याबरोबर नष्ट करण्याची आज्ञा कधीही देऊ नये. शेतात निदण दिसले तरी ते घाईने उपटू नका, त्याबरोबर गहूही उपटला जाईल, असे प्रभू येशूने दाखल्यात सांगितले. नकोशा टपालाचा कप्पा आठवड्यातून एकदा आम्ही स्वतः पाखडतो. सुपातून फोलपट उडते आणि दाणा मागे राहतो. पण पाखडणारीचे लक्ष सुपावरून हलले, की दाणाही वाऱ्यावर जातो.

आपोआप उत्तर धाडण्याची सोयही ह्या प्रोग्रामात आहे. दाखल्याची विनंती येताच 'कोणती माहिती पाठवावी' हे सांगणारा तयार मजकूर जावा, यात आम्हांस गैर वाटत नाही. माणसाचा दिवस वाचतो. परंतु मृत्यूची वार्ता कळविणाऱ्याला यंत्राने क्षणात आभार मानणारे उत्तर धाडले, तर त्या उत्तराहून मौन बरे. दुःखाला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ लागला हे समोरच्याला जाणवणे हेही सांत्वनच असते. म्हणून तयार मजकूर फक्त कागदपत्रांसाठी, ही आमची मर्यादारेषा आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या यादीत सर्वांत वर जो नियम आहे, तो इतरांच्या उलट आहे. प्रेषकाचा पत्ता आपल्या पत्त्यांच्या नोंदवहीत नसेल, तर पत्र कोणत्याही कप्प्यात जाऊ देऊ नये. ते समोरच ठेवावे आणि त्यावर तारा उमटवावा, असा तो नियम. ओळखीच्यांना आपापले कप्पे आहेत, त्यांना थोडे थांबता येते. अनोळखी माणसाला कप्पा नसतो. त्याच्यासाठी दर्शनी ओसरीच मोकळी ठेवावी लागते. अर्थात ह्या ओसरीवर काही जाहिरातवालेही येऊन बसतात आणि त्यांना उठवण्यात रोज दोनचार मिनिटे जातात. ती आम्ही खुशीने देतो.

का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी सोयाबीन आणि कपाशी दोन्ही हातची गेली होती त्या दिवसांत एका पत्त्यावरून पत्र आले. पत्ता अनोळखी, विषयाचा रकाना कोरा, मजकूर रोमन अक्षरांतील मराठीत, चार ओळींचा, पहाटे दोनच्या सुमारास लिहिलेला. नको असलेल्या टपालाची जी जी लक्षणे शास्त्र सांगते, त्यांतील बरीचशी त्यात होती. त्या सकाळी ओसरीवर तीनच पत्रे होती, म्हणून ते लगेच दिसले. त्यात काय होते हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. इतकेच सांगतो, की त्याला उत्तर लिहीत न बसता आम्ही स्कूटरला किक मारली. परमेश्वराची कृपा अशी, की तो तरुण आज संसारात आहे, आणि मृगात त्याच्या बागेची संत्री घेऊन येतो तेव्हा त्या पत्राविषयी आम्ही दोघेही बोलत नाही.

ख्रिस्तसभेने २००२ मध्ये इंटरनेटविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात संगणकाच्या जाळ्यावर संस्कार होत नाहीत, हे स्पष्ट केले आहे. पापनिवेदन पत्रातून होत नाही, ख्रिस्तशरीर पडद्यातून मिळत नाही. माणसाने माणसाकडे जावेच लागते. पत्र फक्त दारावरची थाप असते. पण थाप ऐकूच आली नाही तर दार उघडणार कोण?

वाचकहो, आज आपल्या प्रत्येकाच्या घरी असे टपाल येते. बँक आहे, शाळा आहे, परदेशी गेलेली लेक आहे. आपणही रविवारी दुपारी अर्धा तास बसून चारपाच नियम जरूर लिहावेत. मुलांना सांगितले तर ती हसत करून देतील. हिशेबाची पत्रे हिशेबाच्या कप्प्यात जाऊ द्या, जाहिराती जाहिरातींच्या. परंतु नियम लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारा. हा नियम मी कोणासाठी जागा करावी म्हणून लिहितो आहे, की कोणाला टाळावे म्हणून? उत्तर पहिले असेल तर नियम खुशाल राहू द्या. दुसरे असेल तर एकवार पुन्हा विचार करा. कोणी दुरावलेला भाऊ, कोणी रुसलेली नणंद, कोणी उसने मागणारा शेजारी, यांची नावे घालून लिहिलेला नियम संगणक मुकाट्याने पाळील. तो कधी विचारणार नाही की असे का.

शेवटच्या दिवशी आपलीही निवड व्हायची आहे. तेव्हा सूप ज्याच्या हाती असेल, तो आपला विषयाचा रकाना पाहून थांबणार नाही. तो सारे पत्र वाचील. तोवर आपल्या ओसरीवर आलेले पत्र आपण वाचावे, एवढेच त्याचे आपल्याकडे मागणे आहे.